पेन्सिलीचं टिंब

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी ग्रंथपालबाईंना एका नव्या पुस्तकाच्या दोनशे अठराव्या पानावर एक लेख सापडला. असा लेख जगात कुठेही नव्हता. हे बाई छातीठोकपणे सांगू शकत होत्या, कारण तो त्यांनी स्वतःच रचला होता.

पुस्तक त्याच सकाळी विद्यापीठाच्या छापखान्यातून आलं होतं. पाच प्रती, सुतळीने बांधलेल्या, वरच्या प्रतीवर कुणाच्या तरी शाईच्या अंगठ्याचा ठसा. दाखलनोंद हाताखालच्या कुणीही केली असती, पण हा गठ्ठा बाईंनी स्वतःकडे ओढून घेतला. लेखिका त्यांची सख्खी भाची होती. पुस्तकाचं नाव ‘माहितीची पारख: विद्यार्थ्यांसाठी सहा धडे’. सहा हा आकडा वाचून बाईंना बरं वाटलं. पोरीने मावशीचा आकडा ठेवला, असं त्यांच्या मनात आलं.

नवं पुस्तक बाई नेहमी मागून उघडत. आधी संदर्भसूची, मग अनुक्रमणिका, वेळ उरला तर पुस्तक. लेखकाची ऊठबस कुणाकडे आहे ते आधी बघावं, असं त्या मुलांना सांगत आणि मुलं हसत. सूची प्रकरणांप्रमाणे लावलेली होती. एकशे सहा नोंदी. चौसष्टाव्या नोंदीवर त्यांचं बोट थांबलं. ‘वाचनालयातील शांतता आणि स्मरणशक्ती: दोनशे विद्यार्थ्यांची पाहणी’. पुढे एका जुन्या शैक्षणिक त्रैमासिकाचं नाव, वर्ष, अंक, पृष्ठे एकेचाळीस ते त्रेपन्न.

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. नोंद होती तिथेच होती.

हा लेख कशासाठी रचला होता, ते ग्रंथालयात सगळ्यांना माहीत होतं. अकरा वर्षांपूर्वी बाईंनी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सहा तासांचा वर्ग सुरू केला. खोली नंबर सहा, चाळीस खुर्च्या, एक फळा. माहिती शोधायची कशी, कुणाच्या शब्दावर किती विसंबायचं, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर ते कुठून घेतलं हे कसं लिहायचं, एवढंच शिकवायचं. पहिल्या तासाला त्या प्रत्येकाच्या हातात दहा संदर्भांची यादी ठेवत आणि म्हणत, “यातला एक खोटा आहे. शोधा. तासाभराने भेटू.” त्या खोट्या नोंदीला ग्रंथालयात चकवा म्हणत. दर वर्षी नवा चकवा.

चकवा इतका साधा असे की खरा वाटे. मुलं संगणकापुढे बसून डोकं खाजवत. तिथे बसून तो सापडण्यातला नव्हता. बाई मुद्दाम असं नियतकालिक निवडत ज्याची माहिती संगणकावर अर्धवटच चढलेली असे, आणि लेखाचं वर्ष असं देत की त्याच्या दोन वर्षं आधीच ते नियतकालिक बंद पडलेलं असे. जो उठेल, जिना चढेल, रॅकपर्यंत जाईल आणि शेवटचा अंक उघडेल, त्याला संपादकाचं अर्ध्या पानाचं निवेदन दिसे, की हा आमचा अखेरचा अंक. चाळीसातले तीन-चारजण उठत. बाकीचे पुढच्या वर्षी उठायला शिकत.

तास संपला की बाई सगळ्या याद्या मोजून परत घेत आणि फाडून टाकत, कारण खोटी नोंद दाराबाहेर गेली तर कुठे जाऊन रुजेल याचा भरवसा नसतो. एकच प्रत त्यांच्या खणातल्या निळ्या फायलीत राही. त्या प्रतीवर चकव्याच्या डावीकडे, समासात, पेन्सिलीचं एक फिकट टिंब. टिंबाचा अर्थ दोघांनाच ठाऊक होता. एक बाई, दुसरे दाराशी बसणारे काका.

बाईंनी चौसष्टच्या पुढच्या नोंदी वाचल्या. चौसष्ट ते त्र्याहत्तर, दहाच्या दहा, त्याच क्रमाने, एक स्वल्पविराम चुकून राहून गेला होता तोसुद्धा तसाच. ही त्यांची तीन वर्षांपूर्वीची यादी होती.

मग त्यांनी पुस्तक पुढून उघडलं. सहा धडे त्यांचेच होते. दुसऱ्या धड्यातला जिन्याचा दाखला त्यांचा होता, चौथ्यातला सरावाचा तक्ता त्यांचा होता. आभाराच्या पानावर सत्तावीस माणसं होती. अक्षरजुळणी करणारा होता, मुखपृष्ठाचा रंग सुचवणारी मैत्रीण होती. शेवटून दुसरी ओळ अशी होती: ‘शिक्षणाच्या काळात तीन वर्षे मायेने जेवू घालणाऱ्या माझ्या मावशीचे ऋण मी विसरू शकत नाही.’

ही ओळ बाईंनी दोनदा वाचली. तिच्यात खोटं काहीच नव्हतं.

दुपारी चार वाजता अभ्यास समितीची बैठक होती. विषय क्रमांक पाच: हे पुस्तक पुढच्या सत्रापासून पहिल्या वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचं करणे, हा वर्ग ग्रंथालयाकडून काढून नव्या केंद्राकडे देणे, केंद्राला खोली नंबर सहा देणे. केंद्राची प्रमुख भाची. ग्रंथपाल म्हणून बाई समितीवर होत्याच, आणि ग्रंथालयाची हरकत नाही अशी त्यांची सही लागणार होती. ती द्यायचं त्यांनी महिन्यापूर्वीच ठरवलं होतं. दोन वर्षांत निवृत्ती आहे, काम घरच्याच माणसाच्या हाती जातंय, आणखी काय पाहिजे, असं त्या सगळ्यांना सांगत फिरल्या होत्या. “पुस्तक तुझ्याच पद्धतीवर आहे, मावशी. आधी बघायला देणार नाही, छापून आलं की बघ,” असं भाची म्हणाली होती, तेव्हा बाईंनी कौतुकाने मानही डोलावली होती.

त्यांनी काकांना हाक मारली. काका चौतीस वर्षं ग्रंथालयाच्या दाराशी होते. किल्ल्या, छत्र्या आणि विसरलेले डबे यांचा सगळा कारभार त्यांच्याकडे.

“काका, माझ्या खणाची किल्ली कधी कुणी घेतली होती?”

“किल्ली वहीत सही केल्याशिवाय मी माझ्या बापालाही देत नाही,” काका म्हणाले आणि वही घेऊन आले. थुंकी लावून पानं उलटता उलटता त्यांचा वेग मंदावला. “बाई, हे बघा. दोन वर्षांपूर्वीचं. तुमच्या बहिणीचं ऑपरेशन होतं तेव्हा. तुम्ही अकरा दिवस रजेवर होतात.”

तारीख होती. किल्ली घेतल्याची वेळ अकरा दहा, परत दिल्याची बारा पस्तीस. सही भाचीची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली.

“घरचीच म्हणून दिली,” काका म्हणाले. “मला म्हणाली, मावशीचे चष्म्याचे कागद हवेत.”

“खाली झेरॉक्सवाल्याकडे गेली होती का?”

“ते मी कुठे बघतो. पण परत आली तेव्हा हातातले कागद गरम होते. मला म्हणाली, काका, हात शेका.” काकांना हे आठवलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग त्यांनी वही मिटून काखेत धरली.

त्या अकरा दिवसांत बाई दुसऱ्या गावी, इस्पितळातल्या एका लोखंडी खुर्चीवर बसून होत्या. पलंगावर त्यांची धाकटी बहीण होती. म्हणजे भाचीची आई. पोरीची परीक्षा जवळ आहे, तिला बोलावू नकोस, मी आहे ना, असं बाईंनीच बहिणीला सांगितलं होतं.

एक वाजता त्याच बहिणीचा फोन आला.

“ताई, पुस्तक आलं म्हणे तुमच्याकडे. कसं दिसतंय?”

“चांगलं दिसतंय. निळं आहे.”

“तुझं नाव आहे ना आत? मी तिला बजावलं होतं हं.”

“नाव नाही. मावशी म्हणून आहे.”

“काय लिहिलंय?”

“मी जेवू घातलं म्हणून.”

बहीण खळखळून हसली. “मग खरंच आहे की. तुझ्याकडून आली तेव्हा गाल केवढे वर आले होते तिचे.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आज बैठक आहे ना? तू असशील ना तिथे? ताई, एकदा ही नेमणूक कायम झाली की मी सुटले बघ. त्या आजारपणानंतर मला रात्री नीट झोप नाही. तू होतीस म्हणून तेव्हा निभावलं.”

“औषध वेळेवर घे,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. डबा त्यांनी उघडला नाही.

त्याऐवजी त्यांनी चौथं प्रकरण उघडलं. त्या लेखाचं पुस्तकात नेमकं काय केलंय ते त्यांना बघायचं होतं. नुसती नोंद उतरवून घेतली असेल तर तो आळस म्हणता येईल. पान एकशे एकतीस, तिसरा परिच्छेद: ‘या पाहणीत दोनशेपैकी एकशे बेचाळीस विद्यार्थ्यांनी शांत जागी वाचलेला मजकूर अधिक काळ लक्षात राहत असल्याचे नोंदवले.’

बाईंनी फक्त लेखाचं नाव रचलं होतं. आत काय आहे ते त्यांनी कधी रचलंच नव्हतं. एकशे बेचाळीस मुलं त्यांची नव्हती.

सव्वादोन वाजता त्या भाचीच्या नव्या खोलीत गेल्या. केंद्राची पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. लहानपणी पेन्सिलींचे तुकडे फ्रॉकच्या खिशात साठवायची म्हणून बाईंनी भाचीचं नाव खारू ठेवलं होतं. आता ती तीस वर्षांची होती आणि ते नाव बाईंशिवाय कुणी घेत नव्हतं.

“मावशी, तू कशाला आलीस? मीच येणार होते. सही करून प्रत आणणार होते तुला.”

“चौसष्ट नंबर,” बाई म्हणाल्या.

“काय चौसष्ट?”

“सूचीतली नोंद. तो लेख वाचलास तू?”

भाचीने प्रत ओढली, पान काढलं. “वाचला असेल गं. एवढे शंभर संदर्भ, लक्षात कोण ठेवतं?”

“एकशे सहा. कुठे वाचलास?”

“तुमच्याकडेच. आणखी कुठे.”

“आमच्याकडे तो नाही. कुणाकडेच नाही. नाव माझं आहे, लेख कुणी लिहिलेलाच नाही.”

भाची हुशार होती. पुढचं बाईंना सांगावं लागलं नाही. तिने पान मिटलं, पण बोट आतच ठेवलं.

“चकवा?”

“हो.”

“त्यावर खूण नव्हती. निळ्या फायलीतल्या याद्या चकवा काढून साफ केलेल्या असतील, असं मी समजत होते.”

“खूण होती. पेन्सिलीचं टिंब. झेरॉक्समध्ये उठलं नसेल.”

झेरॉक्स हा शब्द निघाल्यावर भाचीने खिडकीकडे बघितलं. बाहेर एक माळी पाइप गुंडाळत होता आणि पाइप त्याला दाद देत नव्हता.

“मी काही चोरलं नाही, मावशी,” भाची म्हणाली. “घरातलंच होतं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू आईपाशी होतीस. तिला अजून शुद्ध आली नव्हती. तेव्हा फोन करून विचारायचं का, मावशी, फाइल घेऊ का म्हणून?”

“हो. मी घे म्हटलं असतं.”

भाचीने मान खाली घातली. बाईंना वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. तिने मान वर केली तेव्हा तिचा आवाज सपाट होता.

“तपासायला हवं होतं, मान्य. पण तुझ्या यादीतलं काय तपासायचं? बाकी सगळ्या जगाचं तपासलं मी. खाली बसून एकेक अंक काढलाय. एका तुझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला, आणि तू मला सांगतेस की तेच खोटं होतं.”

वाक्य नीट रचलेलं होतं. त्यात त्यांच्याच वर्गाचा सूर होता. अकरा वर्षं वापरलेली पट्टी कुणीतरी त्यांच्याच बोटांवर मारावी, तसं त्यांना झालं.

“आणि एकशे बेचाळीस?” त्यांनी विचारलं.

“कोण एकशे बेचाळीस?”

“पान एकशे एकतीस. दोनशेपैकी एकशे बेचाळीस मुलं. ती माझ्या यादीत नव्हती.”

माळ्याने पाइप खाली टाकला. भाचीने टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं.

“अशा पाहण्यांत साधारण सत्तर टक्के निघतात,” ती म्हणाली. “एकशे चाळीस लिहिलं असतं तर फार गोल दिसलं असतं.”

बाई उठल्या. खुर्चीचं प्लास्टिक त्यांच्या पातळाला चिकटलं होतं, ते करकरलं.

“मावशी, बस. ऐक. एका ओळीचा प्रश्न आहे. दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकते, कुणाला पत्ताही लागणार नाही. संदर्भ कोण वाचतं गं, तुझ्याशिवाय? आज फक्त सही कर. माझी नेमणूक अजून कायम व्हायचीय, तुला माहितीये. आईला काय सांगशील तू?” बाई दारापर्यंत पोचल्या होत्या. “आणि तुझ्यासाठीही म्हणतेय. उद्या चौकशी झाली तर पहिला प्रश्न तुलाच येईल. विद्यापीठाच्या ग्रंथपाल अकरा वर्षं खोटे संदर्भ छापून वाटत होत्या, असं म्हणायला लोकांना किती वेळ लागतो?”

“छापून नाही,” बाई म्हणाल्या. “हाताने लिहून. आणि मोजून परत घेत होते.”

बैठक चार वाजून सात मिनिटांनी सुरू झाली. अध्यक्ष गणिताचे जुने प्राध्यापक. प्रत्येक विषयाच्या शेवटी ते ‘पूर्णविराम’ म्हणत, म्हणून विद्यार्थी त्यांना त्याच नावाने ओळखत. पहिले चार विषय वीस मिनिटांत संपले. पाचव्या विषयाला भाची उभी राहिली आणि सहा मिनिटं बोलली. चांगली बोलली. जो उठून रॅकपर्यंत जात नाही त्याला माहिती मिळत नाही, फक्त मजकूर मिळतो, असं एक वाक्य तिने मधे टाकलं आणि दोन सदस्यांनी ते टिपून घेतलं. ते वाक्य बाई दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहीत.

“ग्रंथालयाची हरकत असायचं कारण नाही,” अध्यक्ष म्हणाले. “घरचंच कार्य आहे तुमचं, बाई. सही करा म्हणजे पूर्णविराम.”

बाईंनी पिशवीतून एक पिवळा कागद काढला. तो ग्रंथालयाच्या मागणीचिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातला होता. एखादं पुस्तक किंवा लेख जागेवर मिळाला नाही तर वाचक अशी चिठ्ठी भरतो आणि सात दिवसांत ग्रंथपालाला लेखी उत्तर द्यावं लागतं. खाली दोन चौकोन असतात. ‘उपलब्ध’ आणि ‘उपलब्ध नाही’. त्याखाली सहीची जागा.

“सूचीतला चौसष्ट नंबरचा लेख मला वाचायचा आहे,” बाई म्हणाल्या. “जागेवर मिळाला नाही. मागणी नोंदवते.”

“ग्रंथपाल ग्रंथालयाकडे मागणी करतायत?” अध्यक्षांना गंमत वाटली. “म्हणजे उजव्या हाताने डाव्या हाताला अर्ज द्यायचा.”

“तसंच. डावा हात सात दिवसांत उत्तर देईल.”

“अहो, एवढं कशाला? लेखिका इथेच बसल्यात. तुमच्याकडे प्रत असेल ना हो त्या लेखाची? देऊन टाका मावशींना.”

सगळ्यांनी भाचीकडे बघितलं. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या चिठ्ठीवर तारीख घालत होत्या.

“असेल,” भाची म्हणाली. “शोधते.”

अध्यक्षांनी विषय पुढच्या मंगळवारी चार वाजता घ्यायचं ठरवलं. या वेळी त्यांनी पूर्णविराम म्हटलं नाही, आणि हे दोघा-तिघांच्या लक्षात आलं.

“सरळ सांगून का नाही टाकलंत?” बुधवारी सकाळी काकांनी विचारलं. तोवर त्यांना सगळं कळलं होतं.

“पहिल्या तासाला मी प्रत्येक मुलाला तासभर देते ना. हिला सात दिवस दिले. उठून रॅकपर्यंत जाते का बघू. गेली, निवेदन वाचलं, तर स्वतःच अध्यक्षांकडे जाऊन सांगेल. तिने स्वतः सांगणं वेगळं, मी सांगणं वेगळं.”

काकांनी खुर्चीवरचा धुळीचा फडका उगाच झटकला. “बाई, एक बोलू? रागावू नका.”

बाईंच्या टेबलावरच्या काचेखाली एक जुनी चिठ्ठी होती. अकरा वर्षांत काचेखालचं बाकी सगळं बदललं, ती चिठ्ठी राहिली. भाची बाईंच्या पहिल्याच तुकडीतली विद्यार्थिनी. तिने चकवा एकोणीस मिनिटांत शोधून काढला होता, आणि चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘सापडला. १९ मि.’ तेवढ्या वेळात आजपर्यंत कुणालाही तो सापडला नव्हता. बाई नव्या मुलांना ती चिठ्ठी दाखवत.

“तेव्हा ती माझ्याकडे आली होती,” काका म्हणाले. “म्हणाली, काका, कुठलं मासिक यायचं बंद झालंय हो? पोरगी गोड बोलते. मी म्हटलं, बारा नंबरच्या रॅककडे बघ.”

“तुम्ही अकरा वर्षं बोलला नाहीत,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही ती चिठ्ठी काचेखाली ठेवलीत. मग कसं बोलणार?”

बाईंनी काच उचलली. चिठ्ठी काचेला चिकटली होती. काढताना तिचा एक कोपरा काचेवरच राहिला. त्यांनी चिठ्ठी खणात टाकली, निळ्या फायलीशेजारी. बाराच्या सुमाराला त्यांनी नव्या मुलांचा दुसरा तास घेतला, आणि तो नेहमीइतकाच चांगला झाला, असं त्या दिवशी हजर असलेली मुलं सांगतात.

गुरुवारी त्या स्वतः वर जाऊन आल्या. रॅक नंबर बारा, खालून दुसरा कप्पा. त्या त्रैमासिकाचे सगळे अंक ओळीने होते, शेवटचा अंक डाव्या टोकाला. त्यांनी तो काढला, निवेदन उघडून बघितलं, परत ठेवला.

“उचलून तुमच्या कपाटात ठेवा,” काका म्हणाले. “एकच प्रत आहे, ती गेली की पुरावा गेला. मी म्हणतोय म्हणून तरी ठेवा.”

“जे पोरांना जागेवर सापडायला हवं ते जागेवरच राहायला हवं.”

“पोरांना ठीक आहे. तुमच्या पोरीला?”

दुपारी बाईंनी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या ग्रंथपालांना पत्र लिहिलं, की त्या त्रैमासिकाचा शेवटचा अंक तुमच्याकडे आहे का, ते कृपया कळवा. उत्तर आलं नाही. शनिवारी बहिणीचे तीन फोन येऊन गेले. तिसरा बाईंनी घेतला. “ताई, ती जेवत नाहीये” एवढं म्हणून बहिणीने फोन ठेवला. म्हणजे बहिणीला काहीतरी कळलं होतं. कुणाकडून आणि किती, ते बाईंना समजलं नाही. भाचीचा निरोप नव्हता. सोमवारी ती जिन्यात समोर आली, बाजूला झाली, आणि बाई पुढे गेल्यावर मागून तिच्या पावलांचा आवाज बराच वेळ आला नाही.

सोमवारी पाच वाजता काकांनी बारा नंबरचा रॅक बघितला. अंक जागेवर होता.

मंगळवारी दहा वाजता बाई आल्या तेव्हा काका नियतकालिक विभागाची नोंदवही घेऊन दारातच उभे होते. त्या विभागातून काहीही बाहेर नेता येत नाही. आत जाताना सही, बाहेर पडताना सही. त्या दिवसाची पहिलीच सही लांब शेपटाची होती. काकांची पाळी साडेनऊची. त्याआधी दाराशी सफाईवाल्या बाई होत्या, आणि एक मॅडम वर गेल्या एवढंच त्यांना आठवत होतं.

दोघे वर गेले. खालून दुसऱ्या कप्प्यात डाव्या टोकाला, शेवटच्या अंकाच्या जागी, दोन बोटांची फट होती. काकांनी वाचनाची चारही टेबलं बघितली, खिडकीतली बैठक बघितली, मागच्या जिन्याचं दार ढकलून बघितलं. ते उघडंच होतं. सकाळी झाडायला ते नेहमी उघडतात, आणि त्या बाजूला सही घ्यायला कुणी नसतं.

“बसली असेल कुठेतरी वाचत,” काका म्हणाले. “खाली बघून येतो. अध्यक्षांकडेही असेल, घेऊन गेली असेल दाखवायला.”

“असेल,” बाई म्हणाल्या.

त्यांनी टेबलावर येऊन पिवळी चिठ्ठी समोर ठेवली. उत्तर द्यायचा आज शेवटचा दिवस होता, बैठक चारला. चिठ्ठीवरचे दोन्ही चौकोन कोरे होते. शेजारी नोंदवही उघडी होती. भाचीच्या सहीपुढे आत गेल्याची वेळ नऊ पाच. बाहेर पडल्याच्या वेळेचा रकाना दहा चाळीसला रिकामा होता.